अत्तम्माच्या मराठीतला खुनी

माझ्या सासूच्या मराठीत ‘नं’ नव्हता. डॉक्टरनं मारलं, बायकोनं मारलं, यातला शेवटचा ‘नं’. बाकीची मराठी तिनं व्यवस्थित उचलली होती. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर माझ्यापेक्षा तीच वरचढ. पण हा एक ‘नं’ तिच्या तोंडात कधी बसला नाही. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. तुम्ही तिच्या शेजारी बसून खुनाचा सिनेमा बघितला असता तर कळलं असतं. पडद्यावर अंधार, एक किंकाळी, आणि ही शांतपणे सांगणार, “डॉक्टर मारला.” मी हळहळायची. बिचारा, भला माणूस होता, गरिबांना फुकट औषध द्यायचा. आणि पुढच्याच दृश्यात डॉक्टर खुर्चीत बसून चहा पितोय.

“अत्तम्मा, हा तर मेला ना?”

“कशाला मरतो? तो मारला की.”

मारला म्हणजे त्यानं मारलं, हे समजायला मला पाच-सहा खून लागले.

ती तेलुगू, मी मराठी. अत्तम्मा म्हणजे तेलुगूत सासूबाई. ती लग्न होऊन वरंगलकडच्या एका खेड्यातनं सोलापुरात आली होती, विणकरांच्या घरात. मी बार्शीची. तिचा मुलगा टॉवेलच्या मागावर कामाला होता, आणि मालाच्या टेम्पोबरोबर आमच्या गल्लीतल्या दुकानात यायचा. तिथं आमचं जमलं. माझ्या घरच्यांनी लग्नानंतर दार लावून घेतलं ते लावलंच. हिनं दार लावलं नाही, पण उघडून ‘ये गं बाई’ असंही काही केलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तिच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा तिनं मला खालून वर बघितलं आणि मुलाला विचारलं, “ते जेवलं का?”

ते म्हणजे मी.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आमच्या बार्शीत ‘ते’ म्हणजे वासरू, पातेलं, फार तर शेजारचं शेंबडं पोर. हिच्या तोंडी मी सदा न् कदा ‘ते’. ते उठलं का, ते भात जास्त टाकतंय, ते केस मोकळं सोडून बसलंय. मला तेलुगू येत नव्हती, म्हणून माझ्याबद्दलचं ती मुद्दाम मराठीत बोलायची, म्हणजे मला कळावं. मी नवऱ्याकडं कुरकुर केली की तो हसायचा. “अगं, तसं नाही ते,” एवढंच म्हणायचा. बसून समजावून सांगायचा त्याला कंटाळा. घरात तो माझ्याशी मराठी बोलायचा, आईशी तेलुगू, आणि मधल्या मध्ये दुभाष्याचं काम करायचा. तो होता तोवर मला तेलुगूची गरज पडली नाही आणि मी ती शिकलेही नाही. माज म्हणा की.

लग्नाला चार वर्षं झाली, मुलगी दीड वर्षाची झाली. तिचा एक फोटो आम्ही स्टुडिओत जाऊन काढून आणला होता, डोक्याला रिबीन बांधून. मला वाटलं, हा फोटो बघितला तर माझी आई पाघळेल. रविवार होता. मी नवऱ्याच्या मागं लागले, बार्शीला जा, फोटो दाखवून ये. तो म्हणाला, आज ऊन लई आहे, पुढच्या रविवारी जातो. मी म्हणाले, तुझा पुढचा रविवार काही येत नसतो. अत्तम्मा तिथंच भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर विड्यांचं सूप घेऊन. त्यानं टोपी घातली, स्कूटर काढली आणि गेला. रस्त्यात ट्रकनं उडवलं. फोटो वरच्या खिशात होता तसाच घरी परत आला.

दिवसकार्याला घर बायकांनी भरलं होतं. नवऱ्याची आत्या, म्हणजे अत्तम्माची नणंद, दोन गल्ल्या सोडून राहायची. ती सगळ्यांच्या मधोमध बसली आणि मला समजावं म्हणून मराठीत म्हणाली, “ते पाठवलं.” वर माझ्याकडं बोट केलं. ‘नं’ तिच्याही मराठीत नव्हता, पण या वेळी मला अर्थ लगेच कळला. साऱ्या बायकांनी अत्तम्माकडं बघितलं. ती काही बोलली नाही. पदरानं तोंड पुसून आत गेली.

आता मला सांगा, न बोलण्याचा अर्थ मी काय लावायचा? पुढं कित्येक वर्षं माझ्या डोक्याला हा एकच भुंगा लागला होता. हिलाही तेच वाटतं का? मी हट्ट केला म्हणून हिचा मुलगा गेला, असं ही मनात धरून बसलीय का? विचारायची छाती नव्हती. आणि छाती असती तरी विचारणार कुठल्या भाषेत? दुभाष्या गेला होता.

मी तिथंच राहिले. जाणार कुठं? अत्तम्मानं राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी तिनं माझ्यापुढं दुसरं सूप ठेवलं. त्यात भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखू. तेव्हापासून मीही विड्या वळायला लागले. पान मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. माझ्या विड्या सुरुवातीला पोटुशा व्हायच्या. ती बघायची, एक अक्षर न बोलता दोरा सोडायची आणि पान परत माझ्या सुपात टाकायची. मला वाटायचं, हाच तिचा राग.

दुपारी गल्लीतला केबलवाला तेलुगू सिनेमा लावायचा. हातांना काम असलं तरी डोळे आणि तोंड मोकळंच असतं, म्हणून विड्यांच्या घराघरात तेव्हा सिनेमा चालू असायचा. मी नुसती चित्रं बघायची आणि मधूनच डोळे पुसायची. एकदा असंच चाललं होतं. टीव्हीवर पडका बंगला, हलणारे पडदे, हातात मेणबत्ती घेतलेली बाई. अत्तम्मा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, “हे बंगल्यात भूत हाय म्हणतात. न्हाय भूत. माणूस हाय.” नवरा गेल्यानंतर ती माझ्याशी भात-आमटी सोडून दुसरं काही बोलली ते हे पहिलं.

मग ती रोजच सांगायला लागली. त्या सुपापुढं बसून मी काय काय बघितलं म्हणून सांगू. जुने जादूचे सिनेमे, ज्यांत राक्षसाचा जीव पोपटात ठेवलेला असतो आणि तो पोपट आता सापडतो की मग सापडतो म्हणून आपलाच जीव खालीवर होतो. कोर्टाचे सिनेमे, ज्यांत खरं सांगणारा साक्षीदार नेमका दारात येऊन कोसळतो. जुळ्या भावांचे. रेल्वेच्या डब्यातल्या खुनाचे. रंगीत सिनेमे आले तशी दोन-दोन गावं कोयते घेऊन एकमेकांवर धावायला लागली. पुढं खुनी फोन करून इन्स्पेक्टरलाच कोडी घालायला लागला. अत्तम्माला सगळं चालायचं, फक्त नाचगाणं सुरू झालं की ती पानं भिजवायला उठायची. खुनी ओळखायचे तिचे कायदे ठरलेले. जो चहा हातात घेतो आणि पीत नाही, तो. जो बाईला फार ताई-ताई करतो, तो. आणि बहुतेक वेळा तोच निघायचा.

गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की मात्र ती पाणी प्यायला उठायची. मीही उठायची. आम्ही दोघी माठाशी उभ्या राहायचो, तहान नसताना पाणी प्यायचो आणि गाड्यांचा आवाज थांबला की परत येऊन बसायचो.

‘ते’चा उलगडा मला एका सिनेमातच झाला. त्यात शेवटी गावावर संकट येतं आणि मूर्तीतनं साक्षात देवी बाहेर येते. अत्तम्मानं विडी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, “देवी आलं.” मी चमकून बघितलं. देवी आणि आलं? देवीलाही ही वासरासारखं बोलते? म्हटलं, “अत्तम्मा, देवी आली म्हणावं.” ती म्हणाली, “तेच की. वच्चिंदि. आलं.” तेव्हापासून मी कान लावून ऐकायला लागले. बाई आली तरी वच्चिंदि, बस आली तरी वच्चिंदि. पुरुष आला तर मात्र वच्चिंडु, त्याचं निराळं. तेलुगूनं सगळ्या बायकांना बसच्या आणि वासरांच्या रांगेत नेऊन बसवलंय, मग ती देवी असो, नाहीतर बार्शीहून आलेली सून असो. अत्तम्माची सख्खी आईसुद्धा ‘ते’च होती. चार वर्षं मी फुकट धुमसत होते, आणि ज्यानं हे दोन वाक्यांत सांगायचं तो हसण्यावारी नेऊन निघून गेला. त्या दिवशी मला त्याचा लई राग आला आणि त्याची लई आठवण आली.

पण या गमतीचा सिनेमात फार उपयोग व्हायचा. हातमोजे घातलेला हात सुरा उचलतोय, तोंड दिसत नाही, बाई की बाप्या कळू नये म्हणून दिग्दर्शकानं जिवाचं रान केलंय. आणि तेलुगू कानावर पडताच अत्तम्मा सहज म्हणून जायची, “ते आलं. ते सुरा घेतलं.” झालं. खुनी बाई आहे हे मला समजलेलं असायचं, इन्स्पेक्टर बिचारा शेवटपर्यंत डोकं खाजवत बसायचा. कधीमधी ती बाईला चुकून ‘ती’ही म्हणायची, माझं ऐकून. पण पुरुषाला ‘ते’ असं तिच्या तोंडून कधीच निघालं नाही. ती चूक तिच्याकडनं व्हायचीच नाही.

एकदाच झाली. ती दुपार सांगते.

नवऱ्याला जाऊन वर्ष झालं असेल. आत्या आपलं सूप घेऊन आमच्याकडं येऊन बसली होती. आम्ही तिघी, मुलगी कोपऱ्यात झोपलेली. सिनेमा सुरू झाला, काळा-पांढरा. नावं दिसायला लागली तशी आत्या सावरून बसली आणि माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, “हे बघ तू. हे बघण्यासारखं हाय.” अत्तम्मा टीव्ही बंद करायला उठली. आत्या तेलुगूत काहीतरी बोलली, हात हलवून, राहू दे अशा अर्थाचं. अत्तम्मा क्षणभर उभी राहिली आणि मग खाली बसली.

“मी बघितलं हाय हे,” ती मला म्हणाली. “लहान असताना. गावाकडं, तंबूत.”

नदीकाठी एक भाताची गिरणी. गिरणीच्या मालकिणीला एकुलता एक मुलगा, नवी सून. पाऊस पहिल्या दृश्यापासून जो लागलेला तो थांबतच नाही. सून नवऱ्याला म्हणते, पलीकडच्या गावी जाऊन ये. तो नको म्हणतो. ती हट्ट धरते. तो नाव घेऊन निघतो आणि नदीच्या मध्यावर नाव बुडते. नंतर काठाला लागलेल्या नावेत एक भोक सापडतं, कुणीतरी मुद्दाम पाडलेलं. कुणी?

असा योगायोग कुणी गोष्टीत लिहिला असता तर मीच नाक मुरडलं असतं. पण माझ्यापुढं तो टीव्हीवर चालू होता. अर्ध्या तासात मला कळलं की आत्यानं हा सिनेमा का लावून धरला. ती पडद्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. माझ्या चिमटीतली तंबाखू सुपाबाहेर पडायला लागली. मला उठून जायचं होतं. पण उठले असते तर मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून बसून राहिले. सिनेमातली सासू काही बोलत नाही, खांबाआड उभी राहून नुसती सुनेकडं बघते. तिच्या मनात काय आहे हे कळणं मला त्या दिवशी जगात सगळ्यात जास्त हवं होतं, आणि ते तेलुगूत होतं.

मध्ये एक दृश्य होतं. कंदील, नावेपाशी घोंगडी पांघरलेलं कुणीतरी बसलंय, हातात सुताराचा भोक पाडायचा सामता. अत्तम्मा सिनेमात बुडाली होती. तिच्या तोंडून निघालं, “ते नाव फोडलं.” लगेच तिच्या हातातला दोरा तटकन तुटला. “तो,” ती म्हणाली. “तो फोडला. मुनीम. गिरणीतला मुनीम हाय बघ, तो.”

आत्यानं झटक्यात मान वळवली. ती अत्तम्माला काहीतरी बोलायला लागली, टीव्हीकडं बोट दाखवून, भराभरा. अत्तम्मानं एकच शब्द टाकला, “नोर्मुय.” तो शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. आत्या लाल झाली. तिनं आपलं सूप उचललं आणि चहा न घेता निघून गेली. मला वाटलं, मला हा सिनेमा दाखवण्यावरनं दोघींचं बिनसलंय. मग अत्तम्मानं मला आत पानं भिजवायला पाठवलं, आणि मी परत येईतो सिनेमा संपत आला होता.

शेवट घाटावर होता. पाऊस, पायऱ्या, सासू वरच्या पायरीवर आणि सून खालच्या. सासू बराच वेळ बोलते. अत्तम्मानं आधी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग सांगायला लागली, एकेक वाक्य थांबून थांबून.

“सासू म्हणतंय, तू पाठवलं म्हणून न्हाय गेला.” तिनं सुपातलं एक पान उचललं आणि परत ठेवलं. “रस्त्यात ऊन लई होतं. गेला. तू काय करतंय त्याला? तू माझं लेकरू हाय. चल घरी.”

पडद्यावर सासूनं पाठ फिरवली आणि ती एकटीच पायऱ्या चढायला लागली. सून खाली बसून छाती पिटत होती.

“मग ही रडते कशाला?” मी विचारलं.

“बरं वाटलं म्हणून.”

“आणि ती एकटीच का निघाली?”

“पुढं चाललंय. वाट दाखवायला.”

असं कुणीतरी मला म्हणावं म्हणून मी वर्षभर वाट बघत होते, आणि ते भाग्य मिळालं कुणाला, तर सिनेमातल्या बाईला. मला त्या सुनेचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला की मी फाडकन बोलते. मी म्हणाले, “असल्या सासवा सिनेमातच असतात.”

अत्तम्मानं माझ्याकडं बघितलं. मग हातातल्या विडीचं तोंड दुमडलं, दोरा बांधला, तोडला.

“व्हय,” ती म्हणाली. “सिनेमातच.”

त्यानंतर आम्ही तेवीस वर्षं एका छपराखाली काढली. मी तेलुगू शिकले, तिच्याकडनंच. विड्या शिकवल्या तशीच तिनं ती शिकवली, चुकलं की उसवायची आणि परत माझ्या तोंडात द्यायची. आत्यानं पुढं एकदा भांडणात मलाच ‘नोर्मुय’ म्हटलं, तेव्हा त्याचा अर्थ तोंड बंद कर असा होतो हे कळलं. मुलगी दोन्ही भाषांत वाढली, शिकली आणि हैदराबादला नोकरीला गेली. अत्तम्मा म्हातारी झाली, तिचे डोळे गेले, आणि शेवटी शेवटी मीच तिला सिनेमा सांगायची. कोण आलं, कोण दाराआड उभं आहे, सुरा कुणाच्या हातात आहे. ‘ते आलं अत्तम्मा,’ मी म्हणायची, आणि ती म्हणायची, “माहीत हाय. ते मारतंय बघ आता.” मला जे विचारायचं होतं ते मी कधीच विचारलं नाही. दर वर्षी वाटायचं, आता एवढ्या वर्षांनी कशाला. ती तीन वर्षांपूर्वी गेली. दवाखान्यात शेवटचं मला “तिन्नावा?” म्हणाली, म्हणजे जेवलीस का. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

आता मी त्याच दोन खोल्यांत एकटी असते. गल्लीतले माग बरेच बंद झाले. आधी त्यांची खटखट नको व्हायची, आता दुपारी इतकं सामसूम असतं की फ्रीज चालू झाला तरी दचकायला होतं. आत्याही गेली, तिच्याशी भांडायचं राहिलं. मुलगी रविवारी फोन करते, इकडं ये म्हणते. जाते चार दिवस आणि परत येते. मला एकटं राहायला आवडत नाही. सवय होते म्हणतात. मला झालेली नाही. अत्तम्माच्या गावाकडची ती तेलुगू बोलणारं आता माझ्या ओळखीत कुणी उरलं नाही, आणि मी ती बोलते ते टीव्हीशी.

टीव्ही मुलीनं दिवाळीत नवा आणलाय, इंटरनेटवाला. त्यात जगातलं सगळं आहे. आठ-आठ भागांच्या रहस्याच्या मालिका आहेत, पहिल्या भागात प्रेत सापडतं आणि आठव्यापर्यंत सगळे नुसते खिडकीतनं बाहेर बघतात. मी बघते. चहा न पिणाऱ्या माणसावर नजर ठेवते. शेजारी कुणाला तरी ‘हाच’ म्हणून सांगितल्याशिवाय त्यात काय मजा आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी जुने तेलुगू सिनेमे चाळत होते. चित्रांमागून चित्रं सरकत होती आणि एकदम तो घाट आला. पाऊस, पायऱ्या, दोन बायका. मी लावला.

या वेळी सांगायला कुणी नव्हतं आणि कुणी लागलंही नाही. शब्द न् शब्द कळत होता. गिरणी, नदी, सुनेचा हट्ट. मुनीम आला तेव्हा मी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं. कंदिलाचं दृश्य आलं. घोंगडी पांघरलेलं माणूस सामता फिरवतंय. आणि पुढच्या अर्ध्या तासात घोंगडी खाली पडली. आत सून होती.

मी टीव्ही थांबवला. उठून पाणी प्याले. ‘ते नाव फोडलं.’ पुरुषाला ती कधी ‘ते’ म्हणाली नव्हती, आणि त्या दुपारीही म्हणाली नव्हती. आत्या जे भराभरा बोलली ते हेच असणार, की तू हिला खोटं का सांगतेस. आणि नोर्मुय. आणि मला नेमकं तेव्हाच पानं भिजवायला धाडणं.

पुढचा सिनेमा मी उभ्यानंच बघितला. घाट आला. सासू बोलायला लागली. अत्तम्मानं शिकवलेल्या भाषेत मी अत्तम्माचं खोटं ऐकत होते. पडद्यावरची सासू म्हणत होती, नाव तू फोडलीस. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. मग ती पाठ फिरवून निघून गेली. ती वाट दाखवायला चालली नव्हती. ती सुनेला टाकून चालली होती.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सगळ्या सिनेमात ऊन नव्हतंच. पहिल्या दृश्यापासून पाऊस. रस्ताही नव्हता, नदी होती. रस्त्यात ऊन लई होतं, गेला. हे त्या सिनेमातलं कुणीच म्हणालं नव्हतं.

ते अत्तम्मा म्हणाली होती. दिवसकार्याला सगळ्या बायकांपुढं जे तिच्या तोंडून निघालं नाही, ते तिनं वर्षभरानं, त्याच नणंदेला घालवून देऊन, मोडक्या मराठीत मला सांगितलं. स्वतःचं म्हणून सांगवेना, म्हणून सिनेमातल्या बाईच्या तोंडात घातलं. पाठवलं म्हणून न्हाय गेला. तू माझं लेकरू हाय. मी तेवीस वर्षं ज्याची वाट बघत बसले ते मला पहिल्याच वर्षी मिळालं होतं. आणि मी काय म्हणाले? असल्या सासवा सिनेमातच असतात. ती व्हय म्हणाली आणि विडी बांधली.

मी खूप वेळ रडले. मुलीला फोन लावावा वाटलं, पण ती कामावर होती, आणि हे फोनवर कसं सांगणार.

मग मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि शेवट परत लावला. घाट, पाऊस, दोघी. सासूचे ओठ हलायला लागले तसं मी मोठ्यानं म्हटलं, थांबून थांबून, ती म्हणाली होती तसंच. तू पाठवलं म्हणून न्हाय गेला. रस्त्यात ऊन लई होतं. गेला. तू काय करतंय त्याला? तू माझं लेकरू हाय. चल घरी. सासू पाठ फिरवून पायऱ्या चढायला लागली.

“आलं, अत्तम्मा,” मी म्हटलं.